लपवलेल्या विमानांची कुरणं

दुसऱ्या महायुद्धातली विमानं म्हटली की लोकांना स्पिटफायर आठवतं, हरिकेन आठवतं, आकाशातली झटापट आठवते. पण फॅक्टरीतून बाहेर पडलेलं विमान स्क्वाड्रनला, म्हणजे ते उडवणाऱ्या तुकडीला, मिळेपर्यंत मधले दिवस कुठं उभं असायचं आणि त्याच्याकडं कोण बघायचं, हे सहसा कुणी विचारत नाही. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा, सुरुवात बेळगावजवळच्या आमच्या सांबऱ्याच्या ट्रेनिंग स्कूलमधूनच झाली, आणि उडणाऱ्या विमानापेक्षा उभ्या विमानाची कामं माझ्या हातून जास्त झाली. त्यामुळं रिटायर झाल्यावर वाचायला लागलो तेव्हा लढाया राहिल्या बाजूला आणि मी या उभ्या विमानांच्याच मागं लागलो. त्यातलंच एक प्रकरण आज लिहितोय. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये युद्धाच्या काळात गवताची पन्नासेक विमानतळं अशी होती की तिथनं लढाईला कुणीच उडायचं नाही, विमानं आणायची, झाडीत लपवून ठेवायची आणि मागणी आली की काढून द्यायची. बस्स. आज त्यातली बहुतेक परत शेतं झालीत.

हे का करावं लागलं ते कळायला १६ ऑगस्ट १९४० ची संध्याकाळ बघावी लागते. ब्राइझ नॉर्टन म्हणून आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं, इंग्लंडमधलं मोठं स्टेशन, तिथं दोन जर्मन युंकर्स ८८ विमानं आली, चाकं खाली सोडून आली असं सांगतात, म्हणजे खालच्यांना वाटावं आपलीच उतरायला आलीत. त्यांनी हँगरवर, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडवर, बॉम्ब टाकले आणि आत पेट्रोल भरून दाटीनं लावलेली ट्रेनिंगची विमानं पेटली. एका फेरीत ४६ विमानं खलास. त्याच स्टेशनवर ६ नंबरचं मेंटेनन्स युनिट होतं, तिथल्या हरिकेननाही मार बसला. फक्त दोन विमानांनी केलेलं काम हे. आरएएफला कळायचं ते कळलं, की एका छपराखाली सगळं ठेवलं तर शत्रूचं काम आपणच सोपं करून देतोय.

आता मेंटेनन्स युनिट म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं लक्षात येणार नाही. फॅक्टरीतून विमान बाहेर पडलं म्हणजे लढायला तयार झालं असं नसतं. ते आधी एअरक्राफ्ट स्टोरेज युनिटला जायचं, ही सगळी युनिटं मेंटेनन्स कमांडच्या ४१ नंबर ग्रुपखाली. तिथं तोफा-मशिनगन बसवायच्या, रेडिओ बसवायचा, मधल्या काळात डिझाइनमध्ये जे बदल निघाले असतील ते करायचे, टेस्ट फ्लाइट घ्यायची आणि मग विमान साठ्यात उभं करायचं. स्क्वाड्रनचं विमान पडलं की त्याच्या जागी इथनं दुसरं जायचं. १९४० च्या त्या उन्हाळ्यात ब्रिटनला पायलट कमी पडत होते, लढाऊ विमानं कमी पडली नाहीत, याचं श्रेय फॅक्टऱ्यांना सगळे देतात, विमान उत्पादनाचे मंत्री म्हणून लॉर्ड बीव्हरब्रुकला देतात, ते बरोबरच आहे, पण मधल्या या गोदामवाल्यांना कुणी देत नाही आणि ते मला खरंच खटकतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडचे २४ पायलट इंग्लंडला पोचले होते, त्यातले महिंदरसिंग पुज्जी हरिकेन उडवायचे. त्यांच्या हाताखाली आलेली विमानंसुद्धा अशाच कुठल्यातरी साठ्यातनं आलेली असणार, कुणीतरी ती पुसून, तेल घालून, नटबोल्ट तपासून दिलेली.

तर साठा वाढत चालला आणि तो पांगवायचा ठरला. मुख्य स्टेशनपासून काही मैलांवर एखादं मोठं कुरण बघायचं, कडेला दाट झाडी हवी, आणि तिथं एक गवताची पट्टी करायची, साधारण हजार-बाराशे यार्डांची. याला नाव दिलं सॅटेलाइट लँडिंग ग्राउंड, आणि प्रत्येकाला नंबर. बहुतेक १९४१ मध्ये सुरू झाली. जागा कुठल्या होत्या बघा. ७ नंबर म्हणजे वेल्समधला चेपस्टोचा घोड्यांच्या रेसचा कोर्स. ८ नंबर हटन-इन-द-फॉरेस्ट, कंब्रियातल्या एका जुन्या वाड्याची जमीन, सिलथच्या २२ मेंटेनन्स युनिटकडं होती. २३ नंबर वेस्टनबर्टजवळचं डाऊन फार्म. २७ नंबर स्कॉटलंडमधलं लेनॉक्सलव्ह. ३४ नंबर वोबर्न, म्हणजे ड्यूक ऑफ बेडफर्डची जहागीर. सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांभोवती शेकडो एकर कुरण आणि जुनी मोठी झाडं असायची, लपवायला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार.

लपवायचं म्हणजे अगदी मनापासून लपवायचं. पट्टीवर काँक्रीट नाही, कारण काँक्रीट वरनं लगेच चमकतं. गवतावर रंगानं कुंपणाच्या रेषा ओढायच्या म्हणजे वरून फोटो काढला तर छोटी छोटी शेतं दिसावीत. विमानं झाडांच्या मध्ये ढकलायची, वरनं जाळ्या. रॉबिन हँगर म्हणून छोटे हँगर होते, त्यांना बाहेरून खिडक्या-दारं रंगवून घरासारखं, गोठ्यासारखं रूप द्यायचं. ऑफिस म्हणजे एखादी बैठी इमारत, गावातल्या घरासारखी दिसणारी. आणि खरी पंचाईत व्हायची चाकांच्या खुणांनी. विमान त्याच त्या वाटेनं झाडीत नेलं की गवतावर वाट पडते आणि हवाई फोटोत ती वाट सरळ बोट दाखवते की बघा, इथं काहीतरी आहे. म्हणून वाटा बदलायच्या, काही ठिकाणी पट्टीवर मेंढ्या चरायला सोडायच्या. राखणीला आधी लष्कर होतं, १९४२ मध्ये आरएएफ रेजिमेंट निघाली, आणि बऱ्याच ठिकाणी राखणीची अल्सेशियन कुत्री होती, कारण शंभर एकर झाडीत रात्री माणसं किती ठिकाणी उभी करणार. कुत्र्यांना आणि सांभाळणाऱ्यांना ट्रेनिंग देणारी खास शाळाच काढली होती.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गवताचा आणि मातीचा भाग. आम्ही शेतकरी घरातली माणसं, बेळगावच्या पूर्वेला काळी रानं आहेत तिथली. पाऊस पडून गेला म्हणजे लगेच कुणी रानात औत घालत नाही, वाफसा येऊ द्यावा लागतो. आमचे आज्जा म्हणायचे, "काळ्या रानात पाणी हाय तवर पाय घालायचा न्हाई बाळ, आत्ता तुडवलं तर वरीसभर ढेकळं फोडत बसशील." गवताच्या विमानपट्टीचं अगदी तसंच आहे. वरनं हिरवंगार, सपाट, छान दिसतं, पण खाली पाणी थांबलेलं असेल तर चाक रुततं, विमान नाकावर जातं, पंखा (प्रोपेलर) जमिनीत घुसतो आणि जोराच्या धक्क्यानं इंजिनही कामातनं जातं. आणि एकदा चाकानं चर पडला की त्यात अजून पाणी साठतं, पुढच्या विमानाला तिथंच धोका. यातली कितीतरी ठिकाणं हिवाळ्यात पाणी साठलं की बंद ठेवावी लागायची, सुकलं की परत सुरू. कंब्रियासारख्या पावसाळी भागात तर हा त्रास विचारूच नका. रोलर फिरवा, चर काढा, मुरूम टाका, पण मातीचा स्वभाव बदलत नाही. हे वाचताना मला पट्टीवर सकाळी जाऊन टाच रुतवून बघणारा माणूस डोळ्यासमोर येतो, की आज घ्यायचं का विमान, उद्यावर ढकलायचं.

यावर एक उपाय निघाला होता, सॉमरफेल्ड ट्रॅक. कुर्ट सॉमरफेल्ड नावाचा जर्मनीतनं इंग्लंडला आलेला इंजिनिअर, त्यानं तारेची जाळी आणि त्यात घातलेल्या लोखंडी सळ्या असं गुंडाळता येणारं पांघरूण काढलं. गवतावर उलगडायचं, खुंट्या ठोकून ताणायचं, गवत जाळीतनं वर येतं म्हणजे वरून परत हिरवंच. हलक्या विमानांना चांगलं चालायचं. स्पिटफायर-हरिकेन रिकामं असताना सव्वादोन-अडीच टनांचं. पण पुढं चार इंजिनांची स्टर्लिंग बॉम्बर आली, ती रिकामीच वीस टनांच्या वर, पंखांचा पसारा तीस मीटर. वोबर्नच्या गवतावर अशी स्टर्लिंग आणून ठेवलेली आहेत. वीस टनांचं धूड गवतावर उतरवायचं आणि झाडाखाली ओढून न्यायचं, ज्यांनी हे केलं त्यांना माझा सलाम.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. लोकांना वाटतं उभं विमान म्हणजे काय, झाकून ठेवलं की झालं. तसं नसतं. विमान उडतं ठेवलं तर ते चांगलं राहतं, उभं ठेवलं की बिघडायला लागतं. इंजिन नुसतं बंद करून ठेवलं तर सिलिंडरच्या आत गंज चढतो, म्हणून लांब ठेवायचं असेल तर खास तेलावर इंजिन चालवायचं, मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये ते तेल फवारायचं आणि प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या पुड्या भरलेली बुचं लावायची. आणि एकदा हे केलं की पंखा हातानं फिरवायचा नाही, नवशिक्या पोरांना हीच खोड असते, येता-जाता पंखा फिरवून बघायचा. पिस्टन हलला की आतला तेलाचा थर पुसला जातो आणि केलेलं सगळं वाया. थोड्याच दिवसांसाठी ठेवायचं असेल तर मात्र उलट, ठरलेल्या दिवसांनी इंजिन सुरू करून गरम करायचं. टायर एकाच जागी दाबून राहिला की चपटा होतो, म्हणून विमान थोडं थोडं सरकवायचं. पिटो ट्यूबवर, म्हणजे वेग मोजायच्या नळीवर, कव्हर, नाहीतर माश्या घर करतात आणि मग स्पीड कळत नाही. कंट्रोल लॉक करायचे, नाहीतर वाऱ्यानं रडर आपटत राहतो. पंखाखालच्या पाणी निघायच्या भोकांत काडी घालून बघायची, पानं अडकली असतील तर आत पाणी साठतं. दोरानं जमिनीला बांधायचं, पण दोर फार ताणून नाही, कारण ताग-सुताचा दोर भिजला की आखडतो.

आणि हे सगळं झाडाखाली! झाड म्हणजे सावली, पण झाड म्हणजे चीकही, पक्ष्यांची घाणही, आणि पाऊस थांबला तरी तासभर टिपकणारं पाणी. वारा लागत नाही, ओल जात नाही. हरिकेनचा मागचा भाग कापडाचा होता, डोप नावाचं रोगण लावून ताणलेलं कापड. मॉस्किटो तर लाकडाचं. उंदीर, ओल, बुरशी, सगळ्यांना आमंत्रणच. त्यात कुरण म्हणजे गुरं आलीच, आणि डोप लावलेलं कापड गुरांना आवडतं, चाटून चाटून फाडतात, हे छोटी विमानं उडवणाऱ्या कुणालाही विचारा. तीस-चाळीस माणसांनी हे सगळं तंबूत नाहीतर पत्र्याच्या झोपडीत राहून बघायचं, थंडीत, पावसात. मला स्वतःला पक्क्या हँगरमध्ये काम करायला मिळालं आणि तरी पावसाळ्यात ओलीशी भांडून जीव मेटाकुटीला यायचा, मग त्यांचं काय झालं असेल.

विमानं आणून पोचवणारे वेगळेच लोक. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, एटीए. यात लढायला न चालणारे पायलट होते, वय झालेले, कुणाला एक हात नाही, कुणाला एक डोळा नाही, आणि १६० च्या वर बायका होत्या. १ जानेवारी १९४० ला पॉलिन गॉवरच्या हाताखाली आठ बायकांनी सुरुवात केली. बहुतेक वेळा रेडिओ नाही, खाली रस्ता, रेल्वे, नदी बघत जायचं आणि शेवटी शोधायचं काय, तर न दिसावं म्हणून मुद्दाम शेतासारखं रंगवलेलं विमानतळ! आज स्पिटफायर, उद्या दोन इंजिनांचं, परवा आधी कधी न बसलेलं, खिशात छोट्या कार्डांची वही, त्यात प्रत्येक विमानाचे आकडे. १९३० साली एकटीनं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेलेली एमी जॉन्सन याच कामावर असताना जानेवारी १९४१ मध्ये टेम्सच्या मुखाशी गेली. १९४३ पासून एटीएच्या बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळाला, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. एकूण ३ लाख ९ हजार विमानं या लोकांनी पोचवली. माझ्या भाचीनं हवाई दलाच्या परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा मी तिला पहिलं हेच वाचायला दिलं.

मग ही ठिकाणं बंद का झाली? जर्मन विमानांची भीती कमी झाली हे एक, बॉम्बर जड होत गेले आणि गवत पुरेना हे दुसरं, आणि शेवटी शेवटी मोठ्या काँक्रीटच्या विमानतळांवर जागाच जागा झाली. १९४५ पर्यंत बहुतेक मालकांना परत दिली गेली. लढाई संपल्यावर काही ठिकाणी तर उलटं काम चाललं, ज्या हातांनी विमानं जपली त्याच हातांनी ती तोडून भंगारात घालायची. वोबर्नला स्टर्लिंग अशीच तुटली. आता तिथं सफारी पार्क आहे. चेपस्टोला घोडे पळतात. बाकी ठिकाणी एखादी विटांची खोली, झाडीत शिरणारी एखादी वाट, लोखंडी सळी, तीसुद्धा कुठं कुठं कुंपणाला लावलेली. लढाऊ विमानतळांना फलक लागले, स्मारकं झाली. यांचं कामच न दिसण्याचं होतं आणि ते इतकं चोख झालं की पुढच्या पिढ्यांनाही ती दिसली नाहीत.

आपल्याकडं काय होतं? ब्रह्मदेशच्या आघाडीवर तर मातीचा प्रश्न याहून भयंकर, मान्सून आणि चिखल. तिथं भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या अंथरायचे आणि दुसरं म्हणजे गोणपाट डांबरात भिजवून त्याचे पट्टे रस्त्यावर, धावपट्टीवर घालायचे, त्याला बिथेस म्हणायचे. बंगालचा ताग आणि डांबर, यावर ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या आर्मीचे ट्रक आणि विमानं चालली.

आणि साठवलेल्या विमानांची आपली गोष्ट तर कानपूरची. चकेरीला युद्धानंतर आरएएफची लिबरेटर बॉम्बर उभी होती, अमेरिकेनं लेंड-लीजवर, म्हणजे युद्धापुरती उसनी, दिलेली. परत न्यायची नव्हती आणि दुसऱ्या कुणाला वापरूही द्यायची नव्हती, म्हणून जाताना त्यांची मुद्दाम नासधूस केली. नंतर भारताला बॉम्बर हवे होते, बाहेरचे म्हणाले हे होणार नाही, बेंगळूरच्या एचएएलनं, म्हणजे आपल्या विमान कारखान्यानं, सांगितलं आम्ही करतो. चकेरीत उघड्यावर उभं राहून तंत्रज्ञांनी ती कशीबशी उडण्यालायक केली आणि एचएएलचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती एकेक करून बेंगळूरला घेऊन गेले, तिथं पूर्ण दुरुस्ती. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यावर ५ नंबर स्क्वाड्रन उभी राहिली आणि १९६८ पर्यंत ही विमानं आपण वापरली. ज्यांची लिबरेटर सगळी तोडून झाली होती त्यांनाच शेवटी म्युझियमसाठी आपल्याकडनं घ्यावी लागली. ब्रिटनच्या आरएएफ म्युझियममधलं केएन७५१ हे लिबरेटर भारतीय हवाई दलानं दिलेलं आहे, १९७४ साली. फिटर लोकांच्या कामाचा याच्याहून मोठा पुरावा मला माहिती नाही.

आणि आपलं सांबरा विमानतळ. १९४२ मध्ये आरएएफनं बांधलं, ट्रेनिंगसाठी, आणि साउथ ईस्ट एशिया कमांडला, म्हणजे या भागातल्या दोस्त राष्ट्रांच्या युद्धकमांडला, त्याचा आधार होता. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात. पुढं डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी इथनंच सहा हंटर विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. आज टर्मिनलसमोर पोरं सेल्फी काढतात, शेजारी ट्रेनिंग स्कूलची परेड चालते, आणि १९४२ च्या आधी तिथं कुणाची रानं होती, ज्वारी होती का हरभरा, विहिरी किती बुजवल्या, गाडीवाट कुठनं जायची, हे सांगणारी माणसं आता नव्वदीच्या पुढं आहेत. वोबर्नचं सगळं लिहिलेलं सापडतं कारण ते ड्यूकचं होतं. आमच्या रानांचा मालक ड्यूक नव्हता म्हणून ते लिहायचंच नाही का?

मी सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा, निलजी या बाजूच्या घरांतनं विचारत फिरतोय. कुणाच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, माळ्यावरच्या पेटीत त्या काळची जमीन घेतल्याची नोटीस असेल, मोबदल्याची पावती असेल, कामावर गेलेल्या आज्जाचा मजुरीचा कागद असेल, तर उजेडात, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मराठीत असो, कानडीत असो, मोडीत असो. मोडी वाचून देणारी माणसं मी बघून ठेवलीत. फक्त एक करा, तो कागद लॅमिनेशनला नेऊ नका. गरम रोलरमधनं गेला की जुना कागद खराब होतो आणि मग तो प्लास्टिकमधनं परत काढता येत नाही. साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा आणि मला सांगा, मी गाडी घेऊन येतो.